रील बघणारे सोलापूरचे, कर कुणाचा?

चौकात होर्डिंग उभारायचं तर महापालिकेचा परवाना लागतो, चौरस फुटाच्या हिशेबाने शुल्क भरावं लागतं, सांगाडा पक्का असल्याचा इंजिनिअरचा दाखला जोडावा लागतो. घाटकोपरला मे २०२४ मध्ये होर्डिंग कोसळून १७ जण गेले, त्यानंतर तर राज्यभर तपासण्या सुरू झाल्या. (वाढदिवसाचे बिनपरवाना डिजिटल फलक ही सोलापूरची स्वतंत्र कहाणी आहे, ती इथे नको.) नवी पेठेतला साडीवाला तीच जाहिरात इन्स्टाग्रामवर देतो तेव्हा यातलं काहीच लागत नाही. शहराच्या आसपासच्याच लोकांना दाखवायची, बायकांनाच दाखवायची, लग्नसराईच्या तोंडावर दाखवायची, सगळं मोबाइलवर बसून ठरवता येतं. जाहिरातीचे पैसे सोलापुरातून निघतात, बघणारे सोलापूरचे असतात, साडीही इथेच विकली जाते. त्या जाहिरातीवरचा नफा मात्र कुठे नोंदवायचा हे कंपनी ठरवते.

माझं म्हणणं असं आहे: ज्या देशातले लोक बघतात म्हणून जाहिरात विकली जाते, त्या देशाला त्या जाहिरातीच्या नफ्यावर कर लावायचा हक्क आहे. भारताने हा हक्क २०१६ मध्ये अर्धामुर्धा वापरला आणि १ एप्रिल २०२५ ला सोडून दिला. सोडायला नको होता. पण होता तसाच्या तसा परत आणावा, असंही मला वाटत नाही.

छोट्या व्यापाऱ्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरणं हा माझा व्यवसाय. पूर्व भागातले टॉवेल-चादरवाले, नवी पेठेतले कापडवाले, शेंगा चटणी पॅकिंग करून बाहेरगावी पाठवणारे. यांच्या खरेदीच्या फायलीत सुताची, रंगाची, वाहतुकीची बिलं असायची. गेल्या काही वर्षांत त्यात मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी) आणि गूगलची बिलं कायमची येऊन बसली आहेत. रक्कम मोठी नसते, कुणाची महिन्याला पाच हजार, कुणाची पंधरा. पण दर महिन्याला असते. या कंपन्यांवर कर लावायला हवा असं म्हटलं की समोरचा बिल दाखवतो. ‘साहेब, अठरा टक्के लावलंय की! अजून कसला कर?’

तो अठरा टक्के जीएसटी आहे आणि तो कंपनी भरत नाही, दुकानदार भरतो. कंपनी तो फक्त गोळा करून सरकारकडे पोहोचवते. दुकानदार नियमित नोंदणीतला असेल तर त्याला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळतं आणि भार पुढे सरकतो. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या ठोक दराच्या योजनेत, असेल किंवा नोंदणीच नसेल, तर अठरा टक्के त्याच्याच बोकांडी बसतात. दहा हजारांच्या जाहिरातीवर अठराशे रुपये, परत न मिळणारे. छापील वर्तमानपत्रात तेवढीच जाहिरात दिली तर जीएसटी पाच टक्के. म्हणजे ग्राहकाच्या अंगावरचा कर इथे भरपूर आहे. कंपनीच्या नफ्यावरचा किती, ते बघण्यासाठी दुकानदाराचं बिल बाजूला ठेवून कंपनीचा ताळेबंद उघडावा लागतो.

मेटाच्या भारतीय कंपनीने २०२३-२४ मध्ये सुमारे २२,७३० कोटी रुपयांच्या जाहिराती विकल्या. त्यातलं तिचं स्वतःचं उत्पन्न म्हणून पुस्तकात आलं सुमारे ३,०३५ कोटी. करानंतरचा नफा ५०५ कोटींच्या आसपास. मधली रक्कम गेली कुठे? बहुतेक सगळी परदेशातल्या भावंड-कंपनीला, जाहिरातीची ‘जागा’ विकत घेतल्याबद्दल. भारतीय कंपनी कागदोपत्री नुसती पुनर्विक्रेती आहे. माल परदेशातून आणते आणि थोडं कमिशन ठेवून इथे विकते. गूगल इंडियाची रचनाही अशीच, आणि तिची त्या वर्षीची जाहिरातविक्री ३१ हजार कोटींच्या वर होती. यात बेकायदा काही नाही. भारतीय कंपनी तिच्या वाट्याच्या नफ्यावर प्राप्तिकर भरतेच. पण आकडे शेजारी ठेवून बघा. इथे विकलेल्या जाहिरातींच्या रकमेशी इथल्या नफ्याचं प्रमाण सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. आणि २०२४ मध्ये मेटाचा जगभरातला कामकाजातला नफा महसुलाच्या ४२ टक्के. करपूर्व आणि करोत्तर हा फरक धरला तरी एवढी तफावत धंद्याच्या स्वभावातून येत नाही, रचनेतून येते.

बरं, ही ‘जागा’ म्हणजे काय? संक्रांतीला होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार, भरतो तेव्हा आत शिरायला तिकीट नसतं. पाळणेवाला आणि खेळण्यांचा स्टॉलवाला जागेचे पैसे मोजतात, कारण सिद्धेश्वराच्या यात्रेला माणूस लोटतो. एरवी त्याच मैदानावर स्टॉल टाकायला कुणी चार आणेही देणार नाही. सोशल मीडियाच्या कंपन्या आम्ही लोकांना फुकट सेवा देतो असं सांगतात आणि ते खरंही आहे, गड्ड्यातला प्रवेश फुकट असतो तेवढंच. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनेच आकडे सांगितले होते: भारतात व्हॉट्सॲपचे ५३ कोटी वापरकर्ते, यूट्यूबचे ४४.८ कोटी, फेसबुकचे ४१ कोटी, इन्स्टाग्रामचे २१ कोटी. विकली जाते ती ही गर्दी.

भारताने याचा विचार बऱ्यापैकी लवकर केला होता. १ जून २०१६ पासून परदेशी कंपनीला ऑनलाइन जाहिरातीपोटी दिलेल्या पैशांवर ६ टक्के इक्वलायझेशन लेव्ही (समतोल साधण्यासाठीचा कर) लागली. लोकांनी तिला गूगल टॅक्स म्हटलं. ती मुद्दाम प्राप्तिकर कायद्याच्या बाहेर, वित्त कायद्याच्या वेगळ्या प्रकरणात ठेवली होती, कारण प्राप्तिकर म्हटलं की दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार आडवे येतात. त्या करारांचं गणित शंभर वर्षांपूर्वीच्या धंद्यावर बेतलेलं आहे: परदेशी कंपनीचं इथे ऑफिस, कारखाना, गोदाम असं काही कायमचं ठाणं असेल तरच इथे तिच्या नफ्यावर कर. सोलापूरच्या जुन्या मिलची चिमणी कुणालाही दिसायची. इन्स्टाग्रामला इथे चिमणी लागत नाही.

पुढे २०२० मध्ये ई-कॉमर्ससाठी आणखी २ टक्क्यांची लेव्ही आली. दोन्ही मिळून वर्षाला साडेतीन ते चार हजार कोटी रुपये जमायला लागले. देशाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम चिमूटभर आहे, हे मान्य. मग १ ऑगस्ट २०२४ ला २ टक्क्यांची गेली आणि १ एप्रिल २०२५ ला ६ टक्क्यांचीही गेली.

आता तिच्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप घेऊ, कारण तो मला रोजच्या कामात दिसलेला आहे. कर कंपनीवर लावला तरी भरतो दुकानदारच. ऑक्टोबर २०२१ पासून गूगलने भारतात दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातींच्या बिलावर २ टक्क्यांचा वेगळा आकार लावायला सुरुवात केली. इटलीतही तेच, फ्रान्स, स्पेन आणि ब्रिटनमध्ये त्याच्या आधीपासून, आणि ऑस्ट्रियात तर ५ टक्के. इथे त्याला नाव दिलं ‘नियमपालनाचा खर्च’. सरकारने कंपनीच्या खिशात हात घातला आणि तो निघाला चटणीवाल्या बाईंच्या खिशात. बाजारात दुसरा तुल्यबळ विक्रेता नसला की असं होणारच. जाहिरात दुसरीकडे न्यायची म्हटली तर न्यायची कुठे?

म्हणून विक्रीच्या रकमेवर सरसकट टक्का लावणारा कर मला पसंत नाही. त्यात दोन दोष आहेत. एक तर तो बिलावर उतरवायला सोपा. दुसरं, तोट्यातल्या छोट्या परदेशी कंपनीला आणि ४२ टक्के नफा कमावणाऱ्या कंपनीला तो एकाच मापाने मोजतो. पण करवसुलीची पद्धत चुकली म्हणजे कराचा हक्कच चुकला, असं होत नाही. १ एप्रिल २०२५ ला आपण पद्धत सुधारली नाही, हक्कावरच पाणी सोडलं.

हा हक्क कुणी मान्य करत नाही असंही नाही. ही लेव्ही काढण्यामागे ज्या देशाच्या दबावाची चर्चा होते त्या अमेरिकेचंच उदाहरण घ्या. सोलापुरातला एखादा मुलगा हुरडा पार्टीचे, कडक भाकरीचे, गड्ड्याचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतो. बघणारे बहुतेक इथले. पण न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये राहणारे मराठी लोकही बघतात. तिथल्या प्रेक्षकांमुळे त्याला जे पैसे मिळतात, त्यातून जून २०२१ पासून अमेरिकेचा कर कापला जातो. करविषयक फॉर्म भरून भारत-अमेरिका कराराचा लाभ मागितला तर १५ टक्के, आणि तेही फक्त अमेरिकी प्रेक्षकांच्या वाट्यावर. फॉर्मच भरला नाही तर जगभरातल्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत. हा मुलगा आयुष्यात कधी अमेरिकेला गेलेला नाही. त्याचं तिथे ऑफिस नाही, ठाणं नाही, मोबाइलसुद्धा इथेच घेतलेला. मग कर कशाचा? तिथे बसून कुणीतरी बघितलं म्हणून.

कायद्याच्या भाषेत ही रक्कम रॉयल्टी धरली जाते आणि जाहिरातीचं उत्पन्न व्यावसायिक नफा धरलं जातं, म्हणून नियम वेगळे, हे मला माहीत आहे. कापलेल्या कराचं क्रेडिट इथे ठरलेला फॉर्म भरून मिळतं, हेही खरं. (भरणारे किती, हा भाग वेगळा. दोन-तीन हजारांसाठी कोण धावपळ करतो?) पण कायद्याचं लेबल काढून टाकलं तर उरतं काय? प्रेक्षक जिथे, तिथे करावर हक्क. सोलापूरच्या पोरावर हे तत्त्व चालतं. दीडशे अब्ज डॉलरच्या वर महसूल असलेल्या कंपनीवर तेच तत्त्व लावलं की त्याला अमेरिकी कंपन्यांशी भेदभाव म्हणायचं? अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींनी जानेवारी २०२१ मध्ये भारताच्या २ टक्क्यांच्या लेव्हीबद्दल नेमका हाच निष्कर्ष काढला होता, आणि जूनमध्ये कोळंबी, बासमती, दागिने यांच्यावर २५ टक्के आयातशुल्काची यादी तयार करून लगेच स्थगितही केली होती. डोक्यावर तलवार टांगून ठेवायची, एवढाच हेतू.

इथे आमच्या टॉवेलवाल्यांची भीती खरी आहे आणि ती झटकून टाकता येत नाही. ‘गूगलवर कर लावाल आणि तिकडून टॉवेलवर शुल्क येईल,’ असं अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुणी म्हटलं तर त्याला देशाभिमानाचे डोस पाजण्यात अर्थ नाही. निर्यातीची एक ऑर्डर रद्द झाली की यंत्रमाग बंद पडतात, आणि यंत्रमाग बंद पडला की आठवड्याचा पगार बंद. पण मग २०२५ मध्ये काय झालं तेही बघा. आपण १ एप्रिलला लेव्ही काढली. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेने भारतीय मालावर २६ टक्क्यांचं शुल्क जाहीर केलं. २७ ऑगस्टपासून ते ५० टक्क्यांवर गेलं, निम्मं रशियाच्या तेलाच्या नावाने. त्यानंतरचे चढउतार सोडून द्या. कॅनडाने जूनच्या अखेरीस आपला ३ टक्क्यांचा डिजिटल कर वाटाघाटी चालू राहाव्यात म्हणून वसुलीच्या आदल्या दिवशी मागे घेतला. ऑगस्टपासून उत्तर अमेरिकेच्या व्यापार करारात न बसणाऱ्या त्याच्या मालावरचं शुल्क ३५ टक्के झालं. ब्रिटनने २०२० पासूनचा आपला २ टक्क्यांचा कर सोडला नाही, आणि तरीही मे २०२५ मध्ये अमेरिकेशी व्यापार समझोता केला. कारणं प्रत्येक ठिकाणी वेगळी होती, एवढ्यावरून नियम काढता येणार नाही. पण कर सोडला की शुल्क टळतं, या समजुतीला या तीन देशांत कुठेही पुरावा सापडत नाही. सौद्यात द्यायची वस्तू आपण सौदा ठरण्याआधीच देऊन टाकली. नवी पेठेत असा धंदा करणाऱ्याला लोक काय म्हणतात ते मी लिहीत नाही.

केंद्राने सोडलं तर राज्याने धरावं, असा एक विचार इथल्या चर्चेत हमखास येतो. अमेरिकेतच मेरीलँड राज्याने २०२१ मध्ये डिजिटल जाहिरातींच्या महसुलावर अडीच ते दहा टक्के कर लावला, तसं करणारं ते तिथलं पहिलं राज्य. तेव्हापासून प्रकरण कोर्टात फिरतंय. हा कर जाहिरातदाराच्या बिलावर वेगळी ओळ म्हणून दाखवायला कायद्याने मनाई केली होती. ती मनाई २०२५ मध्ये अपील न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर अवैध ठरवली. म्हणजे बिलावर न उतरू देण्याचा मार्गही सोपा नाही.

महाराष्ट्राला तर हे दार बंदच आहे, आणि ते आपण आपल्या हाताने बंद केलं आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीत ५५ क्रमांकाची नोंद होती: वर्तमानपत्रं, रेडिओ आणि दूरचित्रवाणी सोडून बाकीच्या जाहिरातींवर कर. इंटरनेटवरची जाहिरात यात सहज बसली असती. २०१६ ची १०१वी घटनादुरुस्ती आली आणि जीएसटीसाठी ही नोंद गाळली गेली. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, जाहिरात कराचा अधिकारही गेला. त्याबदल्यात महापालिकांना २०१७ च्या राज्य कायद्यानुसार दरमहा भरपाईचं अनुदान मिळतं. महापालिकेचं उत्पन्न हक्काचं होतं ते आता मुंबईहून येणाऱ्या हप्त्याचं झालं. उजनीचं पाणी शहरात वर्षानुवर्षं चार-चार, पाच-पाच दिवसांआड का येत राहिलं याची कारणं अनेक आहेत, पण स्वतःच्या मिळकतीवर मोठं काम हाती घेण्याची ताकद न उरणं हे त्यातलं एक नक्की.

एक फट मात्र राहिली आहे. नोंद ६२. करमणुकीवरचा कर, पण फक्त महापालिका, पंचायत यांसारख्या स्थानिक संस्थांनी लावून वसूल केलेला. पूर्वी भागवत थिएटरच्या तिकिटावरचा करमणूक कर जिल्हाधिकारी कचेरीत जायचा; आता घटनेच्या अक्षरानुसार तो अधिकार स्थानिक संस्थांपुरता उरला आहे. मग रील ही करमणूक नाही का? विधिमंडळाने कायदा केला तर सोलापूर महापालिका रीलवर कर लावू शकेल का? एखादा हुशार वकील हा युक्तिवाद नक्की करेल. शिकागो शहराने २०१५ मध्ये आपला करमणूक कर नेटफ्लिक्ससारख्या सेवांना लावलाच होता.

मला हे नको आहे. शिकागोत तो कर वर्गणीदाराच्या बिलात गेला. सोलापुरात तो मोबाइलच्या रिचार्जमध्ये जाईल, आणि विडी वळणारी बाई दुपारी अर्धा तास तेलुगू विनोदी व्हिडिओ बघते त्यावर महापालिकेने पैसे घ्यावेत, ही कल्पनाच मला किळसवाणी वाटते. शिवाय राज्यात २९ महापालिका. एकोणतीस दर, एकोणतीस फॉर्म, एकोणतीस ठिकाणचे वसुली कर्मचारी. जकात नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागायच्या ते विसरण्याइतके दिवस झालेले नाहीत. कंपनीच्या नफ्यावरचा कर शहराच्या पातळीवर मोजताच येत नाही. शहराला जमेल तो फक्त माणसावरचा किंवा बिलावरचा कर, म्हणजे पुन्हा आपल्याच लोकांवरचा.

वर्तमानपत्रांसाठी कंपन्यांकडून पैसे घ्यावेत, ही आणखी एक मागणी. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये तसा कायदा केला. कॅनडाने २०२३ मध्ये केला तर मेटाने तिथे बातम्याच दाखवायच्या बंद केल्या. आमच्या ‘संचार’सारख्या जिल्हा दैनिकांच्या जाहिराती मोबाइलने खाल्ल्या हे मला दिसतं, वाईटही वाटतं. पण सरकारच्या हाताने वृत्तपत्रांना वाटला जाणारा पैसा मला त्याहून धोक्याचा वाटतो. कर हा सरकारी तिजोरीत जावा आणि तिथून उघड्यावर खर्च व्हावा.

तेव्हा कर केंद्राचाच असायला हवा, आणि नफ्यावर असायला हवा. त्याची रीत शोधायला परदेशात जायची गरज नाही. एप्रिल २०१९ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या समितीने एक मसुदा मांडला होता. कंपनीचा जगभरातला नफ्याचा दर घ्यायचा, तो भारतातल्या विक्रीला लावायचा, आणि येणाऱ्या नफ्यातला किती भाग इथला हे विक्री, मनुष्यबळ, मालमत्ता यांच्या वाट्यावरून काढायचं. डिजिटल धंद्यात चौथा घटक धरायचा: वापरकर्ते. त्यांना १० टक्के वजन, आणि वापरकर्त्यांवरच ज्यांचा धंदा उभा आहे त्यांच्या बाबतीत २० टक्के. मला २० टक्केही कमी वाटतात, पण निदान ‘बघणारा’ करकायद्याच्या सूत्रात आला होता. आला आणि कपाटात गेला. ‘लक्षणीय आर्थिक उपस्थिती’ची, म्हणजे ऑफिस नसलं तरी इथल्या मोठ्या धंद्यावरून कर लावण्याची, तरतूद २०१८ मध्ये कायद्यात आली, तीन लाख वापरकर्ते किंवा दोन कोटींचा व्यवहार ही मर्यादाही २०२१ मध्ये ठरली, पण अमेरिका, आयर्लंड, सिंगापूर यांच्याशी झालेले करार तिच्या वरचढ असल्याने मोठ्या कंपन्यांना ती शिवतही नाही.

करार बदलायला वर्षं लागतात. ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेच्या छताखाली २०२१ मध्ये जगाने दोन खांबी तोडगा मान्य केला: एका खांबाने बाजारपेठेच्या देशाला नफ्याचा वाटा, दुसऱ्याने किमान १५ टक्के कर. पहिला खांब उभाच राहिला नाही, आणि दुसऱ्यातून अमेरिकी समूहांना वगळायला जी-७ देशांनी जून २०२५ मध्ये मान्यता दिली. म्हणून करार बदलेपर्यंत मधल्या काळासाठी लेव्ही परत आणावी, पण वेगळ्या आकाराची. जगभरात प्रचंड महसूल असलेल्या कंपन्यांनाच लागणारी, फ्रान्सने ७५ कोटी युरोंची मर्यादा ठेवली तशी. आणि एकेका जाहिरातदाराकडून वर्षाला, समजा, २५ लाखांपर्यंत येणारा महसूल त्यातून पूर्ण वगळावा. म्हणजे चटणीवाल्या बाईंच्या बिलावर ‘नियमपालनाचा खर्च’ लावायला कंपनीकडे निमित्तच उरणार नाही. तिच्या पैशांवर करच नाही तर खर्च कसला? मोठ्या बँका आणि मोटार कंपन्यांवर आकार लावला तर लावू देत. त्यांच्याकडे भाव पाडून मागायला माणसं आहेत.

हा कर सेस (उपकर) किंवा अधिभार म्हणून लावला तर मात्र माझा विरोध राहील. सेस आणि अधिभारात राज्यांचा वाटा नसतो. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना ४१ टक्के देऊ केले ते विभाज्य, म्हणजे राज्यांशी वाटून घ्यायच्या, करांतले. सोलापूरच्या नावाने भांडून दिल्लीची पेटी भरायची असेल तर एवढा आटापिटा कशाला?

राज्याराज्यांत वाटणी कशावरून करायची, हा शेवटचा आणि महाराष्ट्राला अडचणीत टाकणारा प्रश्न. आज जाहिरातीवरचा जीएसटी जाहिरातदाराच्या राज्याला मिळतो. मुंबईतल्या बँकेने जाहिरात दिली आणि ती बिहारमध्ये बघितली गेली, तरी राज्याचा वाटा महाराष्ट्राचा. देशातल्या कितीतरी बड्या जाहिरातदारांची मुख्य कार्यालयं मुंबईत आहेत, त्यामुळे ही पद्धत आपल्याला सोयीची आहे. ‘बघणारे आमचे’ असं अमेरिकेला सांगायचं आणि बिहारने तेच आपल्याला सांगितलं की कानात बोळे घालायचे, हे मला जमणार नाही. तसं केलं तर महाराष्ट्राचा वाटा थोडा घटेल. घटू दे.

आणि प्रेक्षकांनुसार वाटणी करता येत नाही, हे कुणी सांगू नये. जीएसटीच्याच कायद्यात ती आहे. केंद्र किंवा राज्य सरकार स्वतः जाहिरात देतं तेव्हा ती ज्या राज्यांत दाखवली जाते त्या राज्यांत कर विभागला जातो, आणि इंटरनेटवरच्या जाहिरातीसाठी ट्राय या दूरसंचार नियामकाच्या आकडेवारीतल्या राज्यवार इंटरनेट ग्राहकांवरून हिशेब करायचा, असं नियमांत लिहिलेलं आहे. सरकारी जाहिरातींपुरता लिहिलेला हा नियम खासगी जाहिरातींना लावायला जीएसटी परिषदेची शिफारस आणि एक दुरुस्ती लागेल. परिषदेत महाराष्ट्राचा मंत्री बसतो. तो प्रस्ताव त्यानेच मांडावा, कारण यात ज्याचा वाटा कमी होणार आहे त्याने मांडला तरच बाकीची राज्यं त्यावर विश्वास ठेवतील.